कुठं लावायचंय?

आईच्या बाथरूममधला नळ गेल्या पावसाळ्यात ठिबकायला लागला. वॉशर बदलला, दोन दिवस बरा राहिला, पुन्हा टिपटिप सुरू. प्लंबरनं भिंतीकडे बघत सांगून टाकलं, "ताई, हा माल आता येत नाही. भिंत फोडू आणि अख्खं फिटिंग बदलू." आमची सोसायटी 1986 सालची. त्या भिंतीवर वडिलांनी स्वतः निवडून आणलेल्या फिक्या निळ्या टाइल्स आहेत. मी प्लंबरला आतला पितळी स्पिंडल काढून द्यायला सांगितलं, तो रुमालात गुंडाळला आणि रविवार पेठेतली बोहरी आळी गाठली.

दुकान जेमतेम आठ-दहा फूट रुंदीचं. बाहेर सुंभाच्या गुंडाळ्या, घमेली, फावडी, प्लास्टिकच्या नळ्यांची वेटोळी. आत सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेले सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी स्पिंडल हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवला, आट्यांवरून नख ओढलं आणि विचारलं, "कुठं लावायचंय?"

"बाथरूममध्ये."

"ते झालं हो. भिंतीतला कॉक आहे की बाहेरचा नळ? पाणी गरम की गार?"

भिंतीतला, गरम पाण्याचा, असं म्हटल्यावर ते स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत कागदात गुंडाळलेले असेच चार-पाच स्पिंडल. तिसरा जुळला. गरम पाण्याला साधं रबर टिकत नाही म्हणून वॉशर वेगळा दिला. टेफ्लॉनची टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर पिळताना सुटते, हे प्लंबरला सांगायलाही बजावलं. दीडशे रुपयांच्या आत काम झालं. निळ्या टाइल्सची भिंत वाचली.

ती भिंत पुढे सहा महिनेच टिकली, कारण डिसेंबरात आई त्याच बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण घरातल्या सगळ्यांचं धैर्य मोडलं. बाथरूम नव्यानं करायचं ठरलं, त्याच्या मागोमाग स्वयंपाकघराचा ओटा, वायरिंग, रंग अशी कामं एकेक करून आलीच. त्या वेळी मी एक निश्चय केला. एकाच छताखाली सगळं मिळणाऱ्या मोठ्या शोरूममध्ये जायचं नाही, मोबाइलवरून मागवायचं नाही. जे लागेल ते पेठांमधल्या छोट्या दुकानांतून, माणसाशी बोलून घ्यायचं. डिसेंबर ते मे हे सहा महिने मी भवानी पेठ, नाना पेठ, रविवार पेठ आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इतक्यांदा पायाखाली घातली, की काही दुकानांत मला चहा विचारण्याऐवजी थेट समोर ठेवला जाऊ लागला.

पुण्याच्या पेठांची ही विभागणी पिढ्यान् पिढ्या पाठ असलेली. लाकूड आणि प्लायवूड भवानी पेठेत टिंबर मार्केटला, हार्डवेअर बोहरी आळीत, विजेचं सामान तपकीर गल्लीत. मुंबईकराला हीच ओळख लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीटची. एकाच मालाची दहा-वीस दुकानं शेजारी शेजारी असण्याचा फायदा पहिल्याच फेरीत कळतो. एकाकडे नसेल तर तो शेजारच्याचं नाव सांगतो, त्याचा पोऱ्या धावत जाऊन आणतो. भावही लपत नाही, कारण दोन पावलांवर दुसरा विचारायला मोकळा असतो.

टाइल्सपासून सुरुवात केली, कारण आईचा पाय.

नाना पेठेतल्या त्या दुकानात आईला मुद्दाम सोबत नेलं. चाळिशीतली एक बाई काउंटरवर होती, सासऱ्यांचं दुकान आता ती आणि तिचा नवरा चालवतात. मी मोबाइलवर एक फोटो दाखवला : दोन बाय चारच्या मोठ्या, राखाडी, चकचकीत टाइल्स, जमिनीला आणि भिंतीला सारख्याच. तिनं फोटो पाहिला आणि तोच प्रश्न विचारला, "कुठं लावायचंय? आणि वापरणार कोण?" मी आईकडे बोट दाखवलं.

"मावशी, चप्पल काढता का जरा?"

तिनं तीन नमुने जमिनीवर मांडले. स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिन्हींवर ओतलं, वर लिक्विड सोपचा एकेक थेंब टाकला. आईचा एक हात मी धरला, एक तिनं. "आता हळूच पाय घासा." पहिल्या टाइलवर आईचा अंगठा सरळ पुढे सरकला आणि तिनं माझा हात घट्ट आवळला. दुसऱ्यावर थोडा अडला. तिसऱ्यावर टाच जागची हलेना. तिसरी टाइल मळक्या वाळूच्या रंगाची होती, खरखरीत, दिसायला काहीच नाही. आई म्हणाली, "हीच." निवड संपली.

पण बाईचं सांगणं संपलं नव्हतं. बाथरूमच्या जमिनीला दोन बाय चारची टाइल नकोच, ती म्हणाली. एक बाय एकची घ्या. पाणी चारही बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे उतरायला हवं. मोठी टाइल एकाच दिशेला कलते, तिला चार बाजूंचा ढाळ देता येत नाही. गवंडी मग ती कापतो, नाहीतर ढाळच कमी ठेवतो, आणि कोपऱ्यात पाणी साचून राहतं. शिवाय लहान टाइल्सना सांधे जास्त, तेवढा पायाला आधार जास्त. मोठ्या टाइल्स दिवाणखान्यात शोभतात. इथे त्या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत महागड्या मालाचं गिऱ्हाईक स्वस्त मालावर आणलं.

मग हिशेब. पाच बाय सातचं बाथरूम, जमीन 35 चौरस फूट. भिंतींचा घेर 24 फूट, सात फूट उंचीपर्यंत टाइल, म्हणजे 168. दार वजा जाता साधारण दीडशे. त्यावर दहा टक्के तुटफूट. खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर सगळीकडे एकच आहे ना, ते तिनं मला स्वतः तपासायला लावलं. भट्टीत दर वेळी रंगात फरक पडतो, आणि दुकानाच्या दिव्याखाली न दिसणारा तो फरक घरच्या उन्हात दिसतो. "एक खोकं जास्तीचं पलंगाखाली ठेवा. पाच वर्षांनी पाइप फुटला तर हे डिझाइन कुठेच मिळणार नाही. बाकी उरलेलं परत आणा, न फोडता."

हा सगळा माल मोरबीचा. देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाइल्स गुजरातमधल्या त्या एका गावाच्या परिसरात होतात. ऑगस्ट 1979 मध्ये मच्छू नदीवरचं धरण फुटून मोरबी वाहून गेलं होतं. पुण्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर अजून घराघरांत सांगितला जातो. आईनं तो पाहिलेला आहे. मोरबीचं नाव निघताच ती त्या बाईशी पुराबद्दलच बोलत बसली. टाइल्सचं बिल होईस्तोवर दोघींचं नातं जुळलं होतं.

दिवाणखान्याची फरशी बदलायचा विचारही त्याच दुकानात सुटला. आमच्याकडे जुनी मोझॅक आहे, संगमरवराच्या कणांची. तिच्यावर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवून टाकावी, असं ठेकेदाराचं मत होतं. बाई म्हणाली, फरशीवर फरशी घातली की जमीन वर येते, सगळी दारं खालून तासावी लागतात, बाल्कनीचा उंबरा बुडतो, स्लॅबवर वजन चढतं ते वेगळंच. मोझॅक उखडू नका, पॉलिश करून घ्या. पॉलिशवाल्याचा नंबर तिनं दिला. त्यात तिचा एका रुपयाचा धंदा नव्हता. तो माणूस मशीन घेऊन आला. आधी जाडा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मधे सिमेंटनं भोकं भरून दोन दिवस पाणी मारलं आणि शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा हात दिला. तीन दिवस घरभर राखाडी चिखल होता. चौथ्या दिवशी पुसून घेतलं, तर माझ्या लहानपणीची जमीन परत वर आली होती, हिरवे आणि तांबडे कण ओळखू येतील इतकी. मुंबईत 1922 साली सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या रंगीत सिमेंटच्या फरश्यांवर लोक आज जीव टाकतात. ज्यांच्या घरात साधी मोझॅक आहे त्यांनीही ती फोडण्याआधी एकदा पॉलिशवाल्याला दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.

टिंबर मार्केटला मी बाथरूमच्या दाराची चौकट घ्यायला गेले. जुन्या चौकटीचे पाय कुजले होते, आत वाळवी होती. वखारीच्या दारातच ताज्या कापलेल्या सागाचा वास अंगावर येतो, थोडा तेलकट, थोडा कडसर. आडवी-उभी रचलेली लाकडं, टोकांवर गेरूनं लिहिलेले आकडे. मालक कच्छी पटेल, तिसरी पिढी. त्यांचं मराठी माझ्याइतकंच सहज. त्यांच्याकडे सागाचे प्रकार ऐकण्यासारखे आहेत. घाना, इक्वेडोरकडून येणारा साग, आणि आपल्याकडचा बल्लारशाचा, अल्लापल्लीचा, ज्याला वखारीत अजून "सी.पी." म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत 1950 साली कागदावरून गेला, लाकडाच्या बाजारातून गेला नाही. आणि एका कोपऱ्यात जुना साग : पडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब, खिळ्यांच्या काळ्या भोकांसह. त्याला रंधा मारून दाखवला तेव्हा वरच्या काळपट थराखाली मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता वळणार नाही, फाटणार नाही, एवढंच ते म्हणाले.

मी माप सांगितलं. त्यांनी कागदही घेतला नाही. दोन पाय सात-सात फुटांचे, वरचा तीन फूट, एकूण सतरा. पाच इंच बाय तीन इंच. पाच त्रिक पंधरा, पंधरा सत्ते... नाही, पंधरा गुणिले सतरा 255, भागिले 144. "पावणेदोन घनफूट आणि वर जरासं." मग थांबून विचारलं, "पण कुठं लावायचीय?"

बाथरूमला, म्हटल्यावर त्यांनी हातातला गेरूचा तुकडा खाली ठेवला. "ताई, बाथरूमला लाकूड घेऊ नका. कितीही चांगला साग द्या, खालचा पाय रोज भिजणार. ग्रॅनाइटची चौकट लावा. तुमचा टाइलवाला देईल." पावणेदोन घनफुटांचं गिऱ्हाईक त्यांनी हातानं दुसऱ्याच्या दुकानात पाठवलं. त्यांच्याकडून मी पुढे देवघराच्या फळीसाठी जुन्या सागाचा एक तुकडा घेतला, तेवढाच.

सगळीच दुकानं अशी नसतात. तीन वर्षांपूर्वी मी घराजवळच्या एका दुकानातून सिंकखालच्या कपाटासाठी प्लायवूड घेतलं होतं. त्यावर मरीनचा शिक्का होता, दुकानदाराचा शब्द होता, बिल मात्र चिठ्ठीवर. दुसऱ्या पावसाळ्यात ते फुगलं, थर पापुद्र्यांसारखे सुटले. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "कशावरून आमचाच माल?" माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्या कपाटातला डबा-डबा बाहेर काढून पुसताना आलेला संताप मी विसरलेले नाही.

म्हणून या वेळी भवानी पेठेतल्या प्लायवूडवाल्याला आधी हेच सांगितलं. त्यानं मला दुकानामागे नेलं आणि म्हणाला, तोंड बघू नका, काठ बघा. वरचा पापुद्रा सगळ्यांचाच सुंदर असतो. काठावर थर सरळ आणि सारख्या जाडीचे हवेत, मधे पोकळी किंवा भुशाचं भरण दिसता कामा नये. बोटानं टकटक करत पूर्ण फळीवरून जायचं, आवाज बदलला तिथे आत पोकळ. साध्या वापराच्या प्लायवूडला आयएस 303 हे मानक, मरीनला आयएस 710. मरीनचा नमुना चाचणीत 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. शिक्क्यासोबत परवान्याचा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की कारखान्याचं नाव येतं. आणि त्याचा प्रश्न ठरलेलाच. सिंकखाली लावायचंय तर 710. वरच्या कपाटांना त्याची गरज नाही, तिथे पैसे घालू नका. निघताना त्यानं हाताच्या पंज्याएवढा तुकडा कापून दिला. "घरी नेऊन उकळा, मग ऑर्डर द्या." मी तो पातेल्यात चार तास उकळला. आई अधूनमधून येऊन झाकण काढून बघत होती. पाणी चहासारखं झालं, तुकडा जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी ऑर्डर दिली, पक्क्या बिलासह.

तपकीर गल्लीत काम झटपट झालं. दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची वायर, पॉवर पॉइंटला 2.5, एसीला 4. गीझर दोन हजार वॉटचा आहे हे ऐकून दुकानदारानं त्यासाठी मागितलेली जाड वायर परत ठेवली. वाचलेल्या पैशांत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या, म्हणाला. ओल्या हाताला बसलेला झटका जिवावर बेतायच्या आत वीज तोडणारं ते यंत्र, आणि बाथरूमच्या वायरिंगला ते हवंच. रंगवाल्याकडे एक जाडजूड वही आहे. मशीनवर रंग मिसळला की त्याचा कोड तो गिऱ्हाइकाच्या नावासमोर लिहून ठेवतो. माझ्या शेजाऱ्यांचा 2017 सालचा कोड त्या वहीत सापडला आणि त्यांच्या जिन्यातला ओरखडा त्याच रंगानं बुजला.

पैशांचं स्पष्ट बोलायला हवं. पेठेत सगळं स्वस्त मिळतं हे खरं नाही. नळांच्या नामांकित कंपन्यांचा माल मला मोबाइलवर कधी कधी कमी किमतीत दिसला. पेठेत किमतीची पाटी नसते, बोलणाऱ्याला सूट आणि गप्प बसणाऱ्याला नाही, हा अन्याय आहे. बिलावाचून काम करणारी दुकानं अजून आहेत, आणि गिऱ्हाईकही "बिलाशिवाय किती?" असं विचारतं. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला. कर वाचवण्यासाठी बिल टाळणाऱ्याचं गोणीमागे जे वाचतं, त्याच्या कितीतरी पट एका फुगलेल्या फळीत जातं.

दुसरी गोष्ट मिस्त्रीच्या कमिशनची. मिस्त्री ज्या दुकानात नेतो तिथे त्याचा टक्का ठरलेला असतो. रंगाच्या डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं, हेही उघड गुपित. मला त्यात मिस्त्रीचा दोष कमी वाटतो. माल निवडायला येणं हे काम आहे आणि त्याची मजुरी आपण देत नाही, म्हणून ती तिसरीकडून येते. मी आमच्या गवंड्याला सांगितलं, खरेदीच्या दिवसाची पूर्ण हजेरी मी देईन, दुकानातली सूट माझ्या बिलात येऊ दे. तो दोन मिनिटं गप्प राहिला, मग हो म्हणाला. त्या दिवसापासून तो माझ्या बाजूनं माल बघू लागला, एक खोकं तर त्यानंच वाकडं म्हणून परत पाठवलं.

माल घरी येतो तो 'छोटा हत्ती' टेम्पोतून, आणि जिना चढतो माणसाच्या पाठीवरून. 19 मिलिमीटरची आठ बाय चारची मरीन फळी सहज तीस किलोच्या वर भरते. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, फळी त्यात मावत नाही. तिसऱ्या मजल्यावर अशा नऊ फळ्या दोन हमालांनी चढवल्या, प्रत्येक वळणावर फळी उभी करून, भिंतीला ओरखडा न आणता. याच शहरात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, हमालांच्या हक्कांसाठी 1969 चा माथाडी कायदा झाला. घराच्या नूतनीकरणाच्या हिशेबात मात्र हमाली अजूनही "वरखर्च" या रकान्यात लिहिली जाते. मजल्यामागे किती, हे आधीच ठरवावं आणि घासाघीस तिथे करू नये, इतकं मी या सहा महिन्यांत पाळलं.

गाडी लावायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक पेठेत यायचं टाळतं, असं प्रत्येकानं सांगितलं. बोहरी आळीतल्या काकांचा मुलगा दुबईत नोकरीला आहे. ते गेले की तो पत्र्याचा डबा कोण उघडणार, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "डबा भंगारात जाईल. कोणता स्पिंडल कशाचा, हे त्यावर लिहिलेलं नाही." मी त्यांना लेबलं लावायला मदत करू का, असं विचारून ठेवलं आहे. त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही.

मे महिन्यात काम संपलं. जमिनीच्या टाइल्सची दोन न फोडलेली खोकी आणि काही सुट्या टाइल्स उरल्या होत्या. एक खोकं पलंगाखाली गेलं, दुसरं आणि सुट्या टाइल्स मी रिक्षात घालून नाना पेठेत नेल्या. बाईनं जुनं बिल मागितलं, त्याच्या पाठीवर तारीख टाकली, खोक्याचा बॅच नंबर ताडून पाहिला. मग सुट्या टाइल्स एकेक करून उजेडात धरल्या. "मावशी जातात का आता एकट्या आंघोळीला?" जातात, मी म्हटलं, कडीसुद्धा लावतात आतून. ती हसली आणि मोजत राहिली. एका टाइलचा कोपरा उडालेला निघाला. तिचे पैसे तिनं कापून घेतले.